पापाच्या तिकटीजवळचं फ्रेमचं दुकान आणि तात्यांची तीन मेडलं

आधी तक्रारी सांगून घेते. ८ दिवसांत देतो म्हणाले, १९ दिवस लावले. फोन उचलत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, त्यामुळं गंगावेशीत गाडी लावून चालत यावं लागतं. पहिल्यांदा फ्रेम हातात दिली तेव्हा काचेच्या आत लाकडाचा भुसा होता आणि परत उघडायला लावली तर चाचा तोंड पाडून बसले. मागचा हुक इतका किरकोळ की घरी आल्यावर मी स्वतः बदलला. एवढं सगळं असूनही मी पाचापैकी साडेचार देणार आहे. अर्धा गुण भुशाचा कापला.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चाचांनीच हात जोडले. "नाव घालू नगा म्याडम. मागल्या गणपतीत कुणीतरी नेटवर घातलं आन् मंडळाची पोरं रांग लावून बसली. मला हात दोनच हाईत." पापाच्या तिकटीवरून गंगावेशीकडं निघालात की गल्लीत विचारा. जुन्या फोटोंचं काम करणारे चाचा म्हटलं की पानवालाही दाखवतो.

माझं काम असं होतं. तात्या, म्हणजे आमचे वडील, मिलिटरीत सप्लाय कोअरला ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. मागच्या दिवाळीनंतर गेले. त्यांची तीन मेडलं आणि एक फोटो असं एकत्र फ्रेम करून आईच्या खोलीत लावायचं होतं. आधी मी एका ऑनलाइन फ्रेमवाल्याकडं चौकशी केली होती. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात मेडलाची फीत सरळ गोंदानं कार्डाला चिकटवलेली दिसली. पुढं बोलणंच केलं नाही.

चाचांनी मेडलं हातात घेतली, खिडकीशी नेली आणि पहिलाच प्रश्न: "चिंच कुणी लावली?" आईनं लावली होती. दरवर्षी १५ ऑगस्टला ती देवाच्या तांब्यांबरोबर तात्यांची मेडलंही चिंचेनं घासायची. चाचा म्हणाले, "आईंना सांगा, आता बास. ह्यो धातू तांब्यासारखा न्हाई. डाग ऱ्हाऊ देत, अक्षरं जाया नगोत." त्यांनी नुसत्या मऊ फडक्यानं पुसली. फीत गोंदानं चिकटवत नाहीत, फितीच्या मागून दोऱ्यानं टाके घालून कापडाला बसवतात. उद्या कुणाला मेडल काढायचं झालं तर टाका उसवला की झालं. आणि काच मेडलाला टेकू नये म्हणून आत पाऊण इंचाची पट्टी मारून पेटीसारखी खोली करतात. हे सगळं त्यांनी मला न विचारता सांगितलं. फक्त दर विचारला की मात्र ऐकू येत नाही.

खरा घोळ फोटोचा होता. २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात छातीएवढं पाणी होतं. भिंतीवरची जुनी फ्रेम चार दिवस पाण्यात राहिली आणि फोटो काचेला चिकटला. तेव्हापासून तो तसाच कपाटात. मी दुकानात तो सोलायलाच लागले होते, तर चाचांनी माझा हात धरला. जुन्या फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, नव्हता, म्हणून चिकटला. आता ओढला तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात पांढरा कागद येतो. पुरानंतर असे शेकडो फोटो त्यांच्याकडं आले म्हणे. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे. ज्यांनी घरीच ओढून बघितले त्यांना काहीच करता आलं नाही. त्यांच्या पुतण्यानं काळं कापड धरून, तिरक्या उजेडात, काचेवरूनच फोटोचा फोटो काढला. मूळ फोटो काचेसकट बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रेमच्या मागच्या खणात ठेवून दिला. हे काम बघायचं असेल तर एकदा उभं राहून बघा, शिकण्यासारखं आहे.

आता फोटोत काय आहे ते. श्रीलंकेतलं वावुनिया, साल १९८९. एक शक्तिमान ट्रक, पुढं सात जवान. तात्या डावीकडून तिसरे, मिशा माझ्या लग्नात त्यांच्या होत्या त्यापेक्षा दुप्पट. आणि अगदी उजव्या कडेला, ट्रकच्या चाकाला टेकून, लुंगीतला एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. तो जवान नाही. तिथलाच तमिळ पोरगा, डेपोवर दुभाष्याचं काम करायचा. गावात रॉकेल कुठं मिळतं इथपासून कुठल्या रस्त्यावर आज माती नवी दिसते इथपर्यंत तो सांगायचा. नवी माती म्हणजे खाली सुरुंग असू शकतो. तात्या म्हणायचे, त्या पोरामुळं आम्ही दोन वेळा वाचलो.

पुतण्यानं विचारलं, आठ बाय दहाची तयार फ्रेम आहे, स्वस्तात होईल, चालेल का? मी गणिताची शिक्षिका. जुना फोटो सहाला चार. उंची आठ इंच केली तर रुंदी बारा इंच होते. दहात बसवायचा म्हणजे दोन्ही कडांचा एकेक इंच कापायचा. डावीकडं ट्रकचा दिवा जातो. उजवीकडं तो पोरगा जातो.

तेवढ्यात दादा आला. तो शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे, सुट्टी टाकून आला होता. म्हणाला, जाऊ दे की, तो आपला कोण? आणि खाली पितळी पट्टीवर नाव कोरायचं त्याचा मजकूर त्यानं लिहूनच आणला होता: ऑपरेशन पवन (श्रीलंकेतल्या आपल्या सैन्याच्या मोहिमेचं नाव), विजयी वीर, वगैरे. त्यावर आमचं जे जुंपलं ते दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं, तेव्हा तुम्हालाही सांगते. तसंही ह्या दुकानाची ती एक सोय आहे. चाचा भांडणाला नको म्हणत नाहीत, फक्त स्टूल देतात.

दादाचं म्हणणं तुम्ही ऐकलेलं असेल. आपलं सैन्य जिंकतच आलं होतं, दिल्लीनं कच खाल्ली, आणखी एक वर्ष दिलं असतं तर वाघांचा, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईचा, निकाल लागला असता. आणि परत आलो म्हणजे गेलेल्या जवानांचं रक्त वाया गेलं. मेजर परमेश्वरनांचं काय, तो म्हणाला. परमेश्वरन महार रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी बसलेली असतानाही समोरच्याची रायफल हिसकावून घेणारे, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले. त्यांचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो हे दादाला माहीत आहे.

मी गप्प बसले नाही, कारण ह्या विषयावर तात्यांनी घरात तीस वर्षं वजाबाकी केलेली आहे. त्यांची सुरुवात नेहमी एकाच प्रश्नानं व्हायची: पाठवलं कशाला होतं? २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. आपल्या सैन्याचं काम होतं शस्त्रसंधीवर लक्ष ठेवणं आणि तमिळ गटांची हत्यारं जमा करून घेणं. म्हणजे भांडण सोडवणाऱ्याचं काम. दुसऱ्याच दिवशी सलामीला उभ्या असलेल्या श्रीलंकेच्या नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तात्या म्हणायचे, घरमालकाला पाहुणा नको आहे हे तिथंच दिसलं होतं. ऑक्टोबरात वाघांनी हत्यारं ठेवली नाहीत, आणि ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांच्याच गल्ल्यांत लढाई सुरू झाली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान हेलिकॉप्टरनं उतरले. २९ गेले, एक पकडला गेला. ज्या कामाला पाठवलं ते काम त्या महिन्यातच संपलं होतं. उरलं होतं ते दुसरंच काम, आणि ते कधी पूर्ण झालं म्हणायचं हे कुणी लिहूनच दिलं नव्हतं.

मग वाढवत गेले. चार डिव्हिजन, ७० हजारांवर माणूस. आपण उत्तरेत अडकलो तेवढ्यात जयवर्धन्यांचं सैन्य दक्षिणेत जेव्हीपी ह्या सिंहली डाव्या पक्षाचं बंड मोडायला मोकळं झालं. नंतर प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी जून १९८९ मध्ये आपल्याला सांगितलं की जुलैअखेर निघा, आणि दुसऱ्या हातानं वाघांना हत्यारं दिली. म्हणजे सरकारलाही आपण नको, वाघांनाही नको, आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तर कधीचेच नको. अशा रस्त्यावरून तात्या रोज ट्रक न्यायचे. पुढं पायी चालणारी तुकडी रस्ता तपासत जायची, मागं ट्रक. दिवसाला जेवढा रस्ता मोकळा केला तेवढा रात्री परत बंद. "मी तीच तीस किलोमीटर अडीचशे वेळा जिंकली," असं ते म्हणायचे. हसून नाही म्हणायचे.

दादा म्हणाला, म्हणून पळून यायचं? मी म्हटलं, परमेश्वरनसाहेबांचं शौर्य त्या दिवशीच पूर्ण झालं, त्याला आपण पुढं किती महिने थांबलो याचं ठिगळ लागत नाही. जे गेले त्यांचा हिशेब चुकता करायला आणखी पाठवायचे, ते गेले की त्यांच्यासाठी आणखी. बत्तीस महिन्यांत जवळजवळ १,२०० गेले. तेहतिसाव्या महिन्यात ती संख्या कमी होणार होती का? दादानं मग राजीव गांधींचं काढलं, की परत आलो म्हणून वाघ माजले आणि १९९१ ला श्रीपेरुम्बुदूरला त्यांना मारलं. पण ते निवडून आले तर पुन्हा सैन्य पाठवतील ह्या भीतीनं मारलं. त्यात निघण्याचा दोष कुठं आला?

इथं मध्येच एका तालमीचा पोरगा आपली फ्रेम न्यायला आला. ताराराणींचं मोठं चित्र, घोड्यावरचं, कावळा नाक्याच्या पुतळ्यासारखं. चाचांनी ते टेबलावर उभं केलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. कोल्हापुरात राहून हे भांडण करायला खरं तर वावुनियापर्यंत जायची गरजच नाही. औरंगजेब १६८१ ला दक्षिणेत उतरला. संभाजीराजांना मारलं, राजाराम महाराज गेले, आता झालंच म्हणून १७०१ ला स्वतः पन्हाळ्याला वेढा घालून बसला. पन्हाळा घेतला, पुढच्या वर्षी विशाळगड घेतला. बरेचसे किल्ले लढून नव्हे, पैसे मोजून. एक घ्यायचा तोवर मागचा मराठ्यांनी परत घ्यायचा. पंचवीस वर्षं बादशहा तंबूत राहिला, दिल्ली पाहिली नाही, १७०७ ला अहमदनगरजवळ मेला. ताराबाईंना त्याला हरवायची गरज नव्हती, तो थकेपर्यंत टिकायचं होतं. घर त्यांचं होतं. आपण लहानपणापासून ह्या गोष्टीत किल्ल्याच्या आत असतो, म्हणून बाहेर तंबूत बसलेल्याचं गणित आपल्याला कधी करावं लागत नाही. जाफन्यात आपण तंबूत होतो.

हे मी बोलले तर तो तालमीचा पोरगा म्हणाला, "लई भारी सांगितलासा म्याडम," आणि फ्रेम घेऊन गेला. दादा मात्र हलला नाही. मोठा भाऊ आहे.

तात्यांना कुणी हे पुस्तकातून शिकवलं नव्हतं. १९८९ च्या फेब्रुवारीत त्यांनी छावणीत रेडिओवर ऐकलं की रशियाची शेवटची तुकडी अफगाणिस्तानातून पुलावरून अमू दर्या ओलांडून परत गेली. नऊ वर्षं, १५ हजारांच्या आसपास मेलेले सैनिक. एकजण म्हणाला, त्यांची सुटली, आपली कधी? आपली सुटली २४ मार्च १९९० ला, त्रिंकोमालीहून. तात्या शेवटच्या जहाजांपैकी एकावर होते. मद्रासला बँड होता, पण राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. पुष्कळ जवानांना ते लागलं. तात्यांना नाही. ते म्हणायचे, मला घरला यायचं होतं, हार घालून घ्यायचा नव्हता.

आणि २०२१. जुलैत पुन्हा पूर आला. २०१९ नंतर आम्ही खालच्या मजल्यावर दोन लाख घातले होते. फरशी, वायरिंग, लाकडी कपाटं. सगळं परत चिखलात. दादा म्हणत होता, आधीच इतके घातलेत, आता सोडायचं कसं, अजून लाखभर घालू. तात्यांनी एका वाक्यात निकाल दिला: "दोन लाख गेले ते गेले. तिसरं आपल्या हातात हाय." आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो आणि खाली नुसती मोटारसायकल लावतो. त्याच दिवसांत, गाद्या वाळत घातलेल्या, टीव्हीवर काबूल. अमेरिका वीस वर्षं राहून, २,४०० वर माणसं घालवून, १५ ऑगस्टला बघता बघता ते शहर पडलं. दुसऱ्या दिवशी विमानाच्या चाकाला धरून पळणारी माणसं. दादा म्हणाला, बघा, निघालं की असं होतं. तात्या म्हणाले, अकरा वर्षांआधी निघाले असते तरी असंच झालं असतं, फक्त माणसं कमी मेली असती. जे सैन्य दुसऱ्याच्या पगारावर उभं आहे ते पगार देणारा गेला की बसतं, मग तो कधीही जाऊ दे.

पण त्या दिवशी ते विमानाकडं बघत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा पोरगा." आम्हाला आधी कळलंच नाही कुठला. तो, ट्रकच्या चाकाशी उभा असलेला.

ह्या ठिकाणी मला दादाचं थोडं मान्य करावं लागतं, आणि त्याला मी ते दुकानातच सांगितलं. निघणं बरोबर होतं, पण निघताना आपण तिथल्या काही गटांच्या पोरांना हत्यारं देऊन सेना म्हणून उभं केलं होतं. त्यातल्या कित्येकांना घरातून ओढून भरती केलेलं. आपण जहाजात बसलो आणि ती पोरं वाघांच्या तोंडी राहिली. तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री पेरुमल भारतात आले. पोरांसाठी जहाज नव्हतं. लढाई त्यानंतर २००९ च्या मे महिन्यापर्यंत चालली. आमचा दुभाष्या त्या सेनेत नव्हता, पण भारतीयांच्या डेपोवर काम करणारा म्हणून अख्ख्या गावाला माहीत होता. तात्यांनी त्याला आमचा पत्ता लिहून दिला होता, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. पत्र आलं नाही. निघायचं ठरलं होतं जुलै १९८९ पासून, निघालो मार्चमध्ये. आठ महिन्यांत एका पोराची सोय लावता आली नसती का, हा प्रश्न तात्यांनी फार वर्षांनी, तोही एकदाच, स्वतःलाच विचारल्यासारखा विचारला. "निघायचं लौकर ठरवलं असतं तर निवांत निघता आलं असतं," एवढंच त्यावर म्हणाले.

चाचा इतका वेळ पट्टी पंचेचाळीसच्या कोनात कापत होते. मान वर न करता म्हणाले, "मग आठ बाय बारा करायचं न्हवं?" दादा म्हणाला, करा. पितळी पट्टीचा त्याचा कागद त्यानं खिशात घातला. आईला फोन लावला, तिला विचारलं काय लिहायचं. आई म्हणाली, नाव, आणि घरी आले ती तारीख. तेवढंच कोरलं आहे. जहाज निघाल्याची तारीख नाही, कोल्हापूर स्टेशनला उतरले ती.

आता उपयोगाचं. सागवानी पट्टी, खोल पेटी, आठ बाय बाराचा मॅट प्रिंट, वर टाके घातलेली तीन मेडलं, पितळी पट्टी, असं सगळं मिळून ३,१०० रुपये झाले. तयार आठ बाय दहात ७०० वाचले असते. विदेश सेवा मेडलाची आकाशी फीत पुरानं थोडी पिवळी पडली होती, तिला नवी फीत लावू का म्हणाले, आम्ही नको म्हटलं. काच साधी घेऊ नका. माझ्यासारखी खिडकीसमोर लावणार असाल तर चमक न मारणारी मागा, चारशे जास्त जातात. मी साधी घेतली आणि आता दुपारी चार वाजता फोटोत फक्त समोरची गच्ची दिसते. कार्ड चालत नाही, पैसे पुतण्याच्या फोनवर. सोमवारी बंद. पुरातले काचेला चिकटलेले फोटो असतील तर काही न करता, काचेसकट, आहे तसे घेऊन जा. आणि घेताना आत भुसा आहे का ते उजेडात बघून घ्या.

पोरगा आता पूर्ण दिसतो. उजव्या हाताचा कोपर तेवढा नाही, पण तो मूळ फोटोतच बाहेर राहिला होता.